दसऱ्याचं विमान

“विटाळशीने विमानाला हात लावायचा नाही!” शेवंताआत्या कडाडली.

माझ्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात विमान. डावा पंख नुकताच रंगवून झाला होता. पाटावरून जरा उठले तर पातळाला डाग. तो मला दिसण्याआधी तिला दिसला. असल्या गोष्टी तिला भिंतीपलीकडूनही दिसायच्या.

“आत्या, प्लॅस्टिकचं आहे ते. प्लॅस्टिकला कसला विटाळ?”

“दसऱ्याला पूजेत बसणार ना ते? मग देवच झालं. ठेव खाली. कैलास, गोमूत्र शिंपड त्याच्यावर.”

“गोमूत्रानं रंग फाटेल, आत्या,” कैलास म्हणाला.

“मग साधं पाणी शिंपड. आणि तू गं, नीघ मागं. उंबऱ्याला पदर लागू देऊ नको.”

मी विमान खाली ठेवलं. कैलासनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर पाहतं. तेव्हा मला वाटलं, बहीण उठून गेली म्हणून वाईट वाटलं असेल त्याला. मूर्ख होते मी. तेव्हा सगळेच होतो.

आम्ही निकुंभ, जातीनं शिंपी, राहणार चाळीसगाव. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिलाई मशीनला कधी पाय लावला नाही; घरात शिवण करायची ती त्यांची बहीण, शेवंताआत्या. ऐन तरुणपणी ते एअरफोर्समध्ये गेले आणि जमिनीवरच राहिले. पायलट आला की त्याला शिडी लावायची, त्याचे पट्टे आवळायचे, खाली उतरून शिडी काढायची आणि सलाम ठोकायचा. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना उडवलं. परत आले ते एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. तिथंही येणाऱ्या-जाणाऱ्याला सलामच.

त्या वर्षी कैलास एन.डी.ए.ची लेखी परीक्षा पास झाला. वय सतरा. दसऱ्यानंतर लगेच भोपाळला मुलाखत होती आणि मुलाखतीत निवड झाली की वैद्यकीय तपासणी. अण्णांच्या लेखी तो पायलट झालेलाच होता. बँकेत, गल्लीत, न्हाव्याच्या दुकानात ते एकच सांगत, “आता माझ्या पोराला दुसरा कुणीतरी शिडी लावेल.”

विमान उत्तममामानं आणलं होतं. उत्तममामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पारोळ्याला सायकलचं दुकान. कुवेतहून आलेल्या कुणा गिऱ्हाइकाकडून त्यानं तो खोका मिळवला. खोक्यात करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी, चौकटींना चिकटलेले बारीक बारीक तुकडे. पंख, चाकं, पंखा, खुर्ची, पायलट बसतो तिथली काचेची टोपी. ब्लेडनं एकेक तुकडा सोडवायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, नळीतल्या गोंदानं जोडायचा. लढाऊ विमान, जुन्या जर्मनीच्या लढाईतलं. ट्रेनिंगला असताना अण्णांनी असलंच एक हँगरच्या मागं गवतात उभं पाहिलं होतं. खोक्यावरचं चित्र बघून ते म्हणाले, “हे दसऱ्याला पूजेत ठेवायचं. शस्त्र आहे. मॅनेजरसाहेब सोनं द्यायला येतील, त्यांना दाखवू.”

कैलासचा हात देवानं दिल्यासारखा होता. चाकाचा दांडा काडेपेटीतल्या काडीएवढा, पण त्याचा जोड दिसायचा नाही. रंगाचं काम आम्ही दोघं मिळून करायचो. खोक्यात रंग नव्हते. मी बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून थोडे थोडे ऑइलपेंट आणले आणि दिवाळीच्या जुन्या पणत्यांत मिसळले. एकीत मातीसारखा तपकिरी, दुसरीत काळपट हिरवा. चित्रातल्या विमानावर तेच दोन रंग होते, ढगांसारखे एकमेकांत शिरलेले. पंखावर पेन्सिलीनं रेघ आखायची कैलासनं, पणती त्याच्या हातात द्यायची मी. तो कधी स्वतः उचलायचा नाही. “ताई, तपकिरी दे. ताई, आता हिरवा.” लहानपणापासून तो तसाच. चित्रकलेच्या तासाला जाण्याआधी खडूंची पेटी माझ्याकडून लावून घ्यायचा. शर्ट मी काढून ठेवीन तो घालायचा. आई म्हणायची, लाडोबा आहे.

मी मागच्या पडवीत गोणपाटावर जाऊन बसले. पत्र्याची भिंत, न्हाणीचा वास, वेगळं ताट, वेगळा तांब्या. एकोणीस वर्षांची घोडी मी, मॅट्रिकला कैलासपेक्षा जास्त मार्क पडलेली, पत्र्याला पाठ लावून बसायचे आणि घरातले आवाज ऐकायचे.

दुसऱ्या दिवशी उत्तममामा आला. सायकलवरून उतरायच्या आधीच त्याचा आवाज घरात शिरायचा.

“कुठं आहे आमचा पायलट? आणि मंदा कुठाय?”

“बाजूला बसलीय,” आई म्हणाली.

“हात्तेरी. मग रंगाचं काय?”

“रंगाचं काय म्हणजे?” आत्या म्हणाली. “तुम्ही दोघं हट्टेकट्टे आहात ना? की पोरीवाचून हात चालत नाहीत?”

“चालतील की, आक्का. न चालायला काय झालं?”

“पण मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये म्हणतात. तुम्ही तर एका विमानात बसायला निघालात.”

“नाव बुडते, आक्का. विमान कुठं बुडतं?” मामा हसला. कैलासही हसला.

ओटीवर सारवण चाललं होतं. आत्यानं पणत्या, ब्रश, विमान सगळं उचलून बाजूला केलं आणि सारवून झाल्यावर परत मांडलं. मी ते पाहिलं नाही, फक्त बादलीचा आवाज ऐकला. मग कैलासनं आतून हाक मारली.

“ताई, हिरव्याची पणती कुठली गं?”

“खिडकीकडची!” मी ओरडले. मी उठले तेव्हा ती खिडकीकडे होती.

“बोलू नको तू,” आत्या दारात येऊन म्हणाली. “पूजेचं काम चाललंय. आवाजाचाही विटाळ होतो.”

मग दोन दिवस मी त्यांना ऐकलं. इतकं आनंदी आमचं घर मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

“मामा, घट्ट झालाय हा.”

“टर्पेंटाइन टाक दोन थेंब. हां. आता घोट.”

“हा संपत आलाय. नवा मिसळू?”

“डबे कुठायत? हा घे. हा आणि थोडा हा. दिसतोय ना जुळून?”

“एकदम जुळला! बघा ना, कळत पण नाही कुठून नवा लावला ते.”

“अरे, माझा भाचा आहेस तू. कड बघ काय धरलीय. ब्लेडनं कापल्यासारखी.”

मी पत्र्याला डोकं टेकून जळत होते. माझं काम होतं ते. कैलास आणि मामा कधी नव्हे ते कुणालाही न विचारता, मागं न बघता, हसत-खिदळत रंगवत होते. अण्णा बँकेतून यायचे, आणि मामा विमानावर टॉवेल टाकायचा. “दाजी, दसऱ्याला बघायचं. आधी नाही.” अण्णा पोरासारखे चिडून दाखवायचे. एकदा ते गुणगुणत न्हाणीकडे आले, तेव्हा मला विचारलं, “कसं होतंय गं?” चार दिवसांत कुणी मला विचारलेला तो एकच प्रश्न.

“मला काय माहीत, अण्णा. मी इथं आहे.”

दसऱ्याला पहाटे मी डोक्यावरून अंघोळ केली आणि घरात आले. ओटीवर पाटाभोवती रांगोळी काढली होती. पाटावर आत्याची मोठी कात्री, मामाचे सायकलचे पाने, अण्णांचा जुना बिल्ला, कैलासची पुस्तकं. शिलाई मशीनला झेंडूची माळ. मधली जागा मोकळी. अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, मिशीला तेल लावलं होतं.

“काढा आता टॉवेल,” ते म्हणाले.

कैलासनं टॉवेल काढला.

कडा खरंच ब्लेडनं कापल्यासारख्या होत्या. एकही थेंब रेघेबाहेर नव्हता. पंखावरची गोल चिन्हं, खोक्यातल्या कागदावरची, पाण्यात भिजवून इतकी सफाईनं सरकवली होती की सुरकुती नाही. पण आतलं सगळं फसलं होतं. मी असताना रंगवलेला डावा पंख तेवढा चित्रातल्यासारखा. उजव्या पंखावर एकच ढग अर्धा हिरवा, अर्धा तपकिरी, मधोमध सरळ रेघ, जिथं एक पणती संपली आणि दुसरी सुरू झाली. शेपटीकडे हिरव्यावर तपकिरी ठिपके, जिथं उडालेला रंग परत भरला होता. पोटाजवळचा एक पट्टा तर गंजाच्या रंगाचा लाल. जुन्या वाकळेसारखं दिसत होतं ते.

अण्णा आधी हसले. “काय हे? गंमत केलीत होय माझी?”

“कसली गंमत?” कैलास म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. “कसं झालंय सांगा ना.”

अण्णांचं हसू तोंडावरच वाळलं. त्यांनी विमान उचललं, अंगणात उन्हात नेलं, आणि खोका मागितला. मी खोका दिला. त्यांनी चित्र आणि विमान शेजारी शेजारी धरलं.

“सारखं आहे का?”

“हो की,” कैलास म्हणाला.

“उत्तमराव, तुम्ही सांगा. सारखं आहे?”

मामानं डोळे बारीक केले. खोक्याकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तोंडावर त्याला उत्तर दिसलं असावं, कारण त्याचा रंग उतरला.

“पणत्या हलल्या असतील, अण्णा,” मी म्हणाले. “सारवताना आत्यानं—”

“पणत्या हलल्या. डोळे हलले का?”

ते घरात गेले आणि आत्याचा रिळांचा डबा घेऊन आले. सतरंजीवर उपडा केला. शेकडो रिळं घरंगळत गेली.

“कैलास, हिरवी वेगळी काढ.”

“अण्णा, पूजेची वेळ—”

“काढ म्हणतो ना!”

कैलास गुडघ्यांवर बसला. भराभर रिळं उचलायला लागला. परीक्षेत हुशार पोरगं, त्याला वाटलं वेगाचेच मार्क आहेत. पोपटी काढलं, बरोबर. गडद हिरवं काढलं आणि त्याच्या शेजारी तपकिरी ठेवलं. मग आणखी एक तपकिरी. मग विटकरी. मग एक हिरवं हातात घेऊन थांबला, आणि ते परत ढिगात टाकलं. मध्येच त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर बघायचा तसं.

“तिच्याकडे बघू नको!” अण्णा ओरडले.

त्याचा हात थांबला. अण्णा पायरीवर बसले. लाथ बसल्यासारखे बसले.

“भरतीच्या वेळी रंगीत लोकरीच्या लडी टाकायचे आमच्यासमोर,” ते हळू म्हणाले. “हिरवं-तांबडं ओळखता आलं नाही म्हणून चांगली धडधाकट पोरं परत पाठवलेली पाहिलीत मी. रडत जायची.” मग मामाकडे वळले. “तुम्हाला ठाऊक होतं.”

“दाजी, रंग मी लावला सगळा,” मामा म्हणाला. “पोरानं नुसतं धरलं होतं. खोट माझ्यात आहे. मला रेल्वेतून काढलं होतं याच्यासाठी. छाती कमी भरली म्हणून सांगितलं मी घरी. पोराचा काही संबंध नाही.”

“मग ही रिळं पण तुम्हीच काढलीत का आत्ता?”

मामानं पायाशी आलेलं एक रीळ उचललं, परत ढिगात ठेवलं. म्हणाला, “म्हणून तर सायकलचं दुकान टाकलं. सायकली काळ्या असतात.”

आई दारात उभी होती. हाताला पुरणपोळीची कणीक. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, आता तिची पाळी.

“तुझ्या माहेरचं आहे हे. तुला माहीत होतं.”

“मला काय माहीत?” आई म्हणाली. “मला रीत माहीत होती.”

“कसली रीत?”

वडील गेल्यावर आई आणि उत्तममामा आजीबरोबर त्यांच्या मामाकडे, पारोळ्यातच वाढले. तिथं शिवणाचं दुकान होतं.

“आमच्याकडे रिळाला पुरुष हात लावत नाहीत,” ती म्हणाली. “बायांनी रीळ काढून द्यायचं, पुरुषानं मशीन चालवायचं. माझी आई मामाला द्यायची. मग मी उत्तमला द्यायला लागले. लक्ष्मी आहे म्हणायचे, बाईच्या हातून घ्यावी. आई बाजूला बसली की मामा चार दिवस पांढरंच शिवायचा. पायजमे, टोप्या. आम्हाला वाटायचं, सोवळं आहे.”

“आणि तू माझ्या पोराला तेच शिकवलंस.”

“मी कुठं शिकवलं? मंदा त्याला द्यायची. मला वाटलं, माझ्यासारखीच आहे पोर.”

“लग्नाआधी सांगायचं होतं!”

आई कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. “तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हा माझा रंग बघितलात. उन्हात उभी करून बघितलात. घरातल्यांचे डोळे कुणी विचारले?”

अण्णांनी हात उचलला. मामा मध्ये आला. अण्णांनी हात खाली घेतला, पण तो खाली घेतलेला हातच जास्त वाईट दिसला. त्यानंतर मरेपर्यंत ते आईशी कामापुरतं बोलले. जेवायला वाढ. दार लाव. मला माझ्या बापाला कधीच माफ करता आलं नाही, ते या एका गोष्टीसाठी. पोराचे डोळे गेले म्हणून बाईचं बोलणं बंद करणारा माणूस. आणि गल्लीनं त्यालाच बिचारा म्हटलं.

आत्या मात्र रिळं गोळा करत बसली होती. तिला एकच काळजी, पूजेचा मुहूर्त.

अण्णा उठले. आवाज बँकेच्या दारातला झाला होता, कोरडा. “मंदा, पणत्या घे. हे नीट कर. मॅनेजरसाहेब येतील दुपारी. कुणाला काही दिसता कामा नये.”

मला नाही म्हणायचं होतं. जे मी लावलेलं नाही ते मी का पुसू? तोंड उघडणार तेवढ्यात कैलासनं पणत्या स्वतःच आणल्या, टर्पेंटाइननं धुतल्या, डबे माझ्यासमोर मांडले.

“तू मिसळ,” तो म्हणाला. “लावतो मीच. तू फक्त सांग.”

मी मिसळले. तो पायरीवर बसला, विमान डाव्या हातात, ब्रश उजव्या. मी शेजारी. मी बोटानं दाखवायचे, “हा अर्धा भाग. तपकिरी.” तो भरायचा. “हे ठिपके. हिरवा.” तो भरायचा. हात जराही कापत नव्हता. पोटाजवळच्या लाल पट्ट्याशी आलो तेव्हा त्यानं विचारलं, “इथं काय आहे?”

“गेरूसारखं लाल झालंय.”

“आणि शेजारचं?”

“हिरवं.”

तो खूप वेळ त्या जागेकडे बघत राहिला. नाक लावून बघितलं. तिरपं धरून बघितलं. मग भरलं.

शेवटचा ठिपका झाला. मी म्हणाले, “झालं.”

“नीट झालं?”

“चित्रासारखं.”

त्यानं विमान हातभर दूर धरलं. ऊन त्याच्या पंखांवर पडलं होतं. सुंदर दिसत होतं, खोटं का बोलू.

“मघाशीही असंच होतं, ताई,” तो म्हणाला.

तो रडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त ब्रश पुसत होता, केस न केस वेगळा करून.

अण्णांनी ओलं विमान दोन बोटांनी उचलून पाटाच्या मध्ये ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. सगळ्यांनी हात जोडले. आत्यानं मलाही जोडायला लावले, कारण आता मी चालत होते.

“ऐक,” अण्णा कैलासला म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. “भोपाळला जायचं. तपासणीला ठिपक्यांचं पुस्तक असतं. आकडे पाठ करता येतात. माझ्या ओळखीचा एक आहे, तो सांगेल कुठल्या पानावर काय. मंदा घोकून घेईल तुझ्याकडून. पास होशील.”

“आणि मग?” कैलास म्हणाला.

“मग काय? पायलट.”

“वर दिवा लागला, लाल की हिरवा, कोण सांगेल?”

“सवयीनं कळतं सगळं.”

“की ताईला मागच्या खुर्चीवर बसवू?” कैलासचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय केलीय विचारावं तसा. “आणि ती बाजूला बसली की चार दिवस विमान खाली ठेवू?”

उदबत्तीची राख मोडून पाटावर पडली.

“पूजेसमोर असलं बोलू नये,” शेवंताआत्या म्हणाली.

दुपारी मॅनेजरसाहेब आले. विमान हातात घेऊन वा वा म्हणाले. अण्णांनी सांगितलं, पोरानं एकट्यानं केलंय. कैलास तिथं नव्हता. तो मामाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून पारोळ्याला निघून गेला होता, तीन कपडे पिशवीत घालून. कपडे मी काढून दिले नव्हते. त्याचे त्यानं काढले होते.

भोपाळच्या गाडीच्या दिवशी अण्णांनी रजा घेतली. कैलासची ट्रंक आईकडून भरून घेतली, स्वतः डोक्यावर घेऊन स्टेशनला गेले. कैलास येईल, गाडी बघून तरी येईल, असं त्यांना वाटत होतं. गाडी आली, थांबली, गेली. स्टेशनवरचा चहावाला नंतर कित्येक दिवस सांगायचा. तुझा बाप ट्रंकेशेजारी ताठ उभा होता, आणि गाडी हलली तेव्हा त्यानं डब्याच्या रिकाम्या दाराकडे बघून सलाम ठोकला.